टू रूम्स अँड अ बूम : खोलीतला खेळ गावच्या पटांगणावर

‘टू रूम्स अँड अ बूम’ हा ॲलन गेर्डिंग आणि शॉन मॅकॉय यांनी रचलेला आणि अमेरिकेतल्या ट्यूजडे नाइट गेम्सने 2013 मध्ये आणलेला, आपली ओळख लपवून खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. खेळाडू 6 ते 30 चालतात आणि एक डाव 20 मिनिटांच्या आत आटोपतो. पेटी विकत मिळते, शिवाय छापून घ्यायची आवृत्ती प्रकाशकांनी फुकट ठेवली आहे. हे परीक्षण बंद खोलीतल्या डावाचं नाही. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, मारुतीचा पार, समाजमंदिरापुढची मोकळी जागा अशा ठिकाणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत हा खेळ घेतला तर काय टिकतं आणि काय मोडतं, ते इथे पाहायचं आहे. निकाल आधीच सांगतो: रचना अस्सल आहे, पण पेटीतलं सामान आणि शब्द विदर्भातल्या गावात जसेच्या तसे चालणार नाहीत. तेवढं बदलायची तयारी असेल तर 14 ते 22 माणसांसाठी याच्या तोडीचा उभ्या-उभ्या खेळायचा खेळ सापडणं कठीण आहे.

मूळ खेळ असा. निम्मी माणसं लाल गटात, निम्मी निळ्या गटात. लाल गटातला एक बॉम्ब, निळ्या गटातला एक राष्ट्राध्यक्ष. प्रत्येकाच्या हातात एकच पत्ता, ज्याचा त्यालाच माहीत. सगळ्यांना दोन खोल्यांत अर्धं-अर्धं वाटायचं. ठरलेला वेळ बोलणं चालतं, मग दोन्ही खोल्यांचे म्होरके आपल्याकडची काही माणसं ओलीस म्हणून पलीकडे पाठवतात. अशा तीन किंवा पाच फेऱ्या होतात आणि दर फेरीला वेळ कमी होत जातो. शेवटी बॉम्ब आणि राष्ट्राध्यक्ष एकाच खोलीत सापडले तर लाल गट जिंकला, नाही तर निळा. तोंडानं खोटं बोलायला पूर्ण मुभा आहे. दोघं राजी असतील तर एकमेकांना एकाच वेळी अख्खा पत्ता दाखवता येतो किंवा फक्त गट दाखवता येतो. पत्त्यांची अदलाबदल मात्र कधीच नाही.

उघड्या जागेसाठी हाच का, ते ‘माफिया’ या ओळख लपवायच्या दुसऱ्या खेळाशी ताडून पाहिलं की कळतं. माफिया 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफनं रचला. खेळ उत्तम, पण त्यात खेळातली ‘रात्र’ झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. पारावर वीस जण डोळे मिटून बसले की मागे चाळीस जण बघायला उभे राहतात, आणि कुणी डोळे उघडले ते त्या चाळिसांना दिसतं. त्यातला एक जण हसला तरी डाव गेला. दुसरी अडचण बाद होण्याची. पहिल्याच रात्री बाद झालेला माणूस पाऊण तास बसून राहत नाही, घरी जातो. टू रूम्समध्ये कुणी बाद होत नाही आणि कुणी डोळे मिटत नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत सगळ्यांना काम असतं. सार्वजनिक जागेत या दोन गोष्टींची किंमत फार मोठी आहे.

आता शब्दांचं. एसटी स्टँडजवळ किंवा आठवडी बाजाराच्या कडेला पंधरा पोरं “बॉम्ब कोणाकडं हाये?” असं ओरडू लागली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. हा शब्द सगळ्यात आधी काढा. लाल-निळा हेही काढा. गावात निळा, भगवा, हिरवा हे नुसते रंग नसतात. कोण कोणत्या रंगात पडला यावरून डावाबाहेरचं बोलणं सुरू होतं आणि ते डाव संपल्यावरही थांबत नाही. त्यापेक्षा दोन गट ‘वावर’ आणि ‘जंगल’ करा. राष्ट्राध्यक्षाच्या जागी हरभरा, बॉम्बच्या जागी रोही (म्हणजे नीलगाय). शेवटी रोही हरभऱ्यात सापडला तर जंगल जिंकलं, हरभरा वाचला तर वावर. समजावून सांगायला अर्धं वाक्य पुरतं, कारण जंगलाला लागून असलेल्या शेतात रात्रीची जागल कशासाठी असते ते लहान लेकरालाही ठाऊक असतं. रानडुक्कर हा पर्याय पहिल्यांदा सुचतो, तो घेऊ नये. डुक्कर ही शिवी आहे, पोरं ती दिवसभर वापरतील, आणि काहींना तो पत्ता हातात धरायलाही नको वाटेल. बोंड आणि बोंडअळी ही जोडीही कागदावर छान दिसते. पण 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत किती घरांतली माणसं गेली, हे लोक विसरलेले नाहीत. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरचं पोर समोर उभं असताना त्याचा खेळ करायचा नाही.

ओलीस हा शब्दही बदलून ‘पाहुणे’ करा. “पाहुणे पाठवा” म्हटलं की ऐकणाऱ्याला चटकन कळतं. म्होरक्याला ‘कारभारी’ म्हणा.

पत्त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. पेटीतले पत्ते इंग्रजीत, म्हणून पुष्कळ जण 52 पत्त्यांचा जोड घेऊन काळे-लाल वाटून डाव मांडतात. घरात ठीक आहे. पारावर नाही. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे आणि सार्वजनिक जागी बसून पैसे लावून पत्ते कुटणाऱ्यांवर त्याखालीच कारवाई होते. पैसे नसले तरी लांबून बघणाऱ्याला हातातले पत्ते दिसतात आणि आईबाप लेकराला ओढून घरी नेतात. म्हणून स्वतःच्या चित्रांचे पत्ते छापा आणि त्यांना ‘चिठ्ठी’ म्हणा. राजा-मंत्री-चोर-शिपाई सगळे खेळलेले असतात. चिठ्ठी म्हटलं की लपवायची, हे न सांगता कळतं.

छपाईचा तपशील देतो, कारण निम्मे डाव इथेच बिघडतात. 63 बाय 88 मिलिमीटरच्या 9 चिठ्ठ्या एका ए-फोर पानावर बसतात. 20 माणसांना 3 पानं, 30 ला 4. कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड घ्या, तालुक्याच्या डिजिटल छपाईच्या दुकानात मिळतो. साध्या 80 जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर छापलं तर उन्हात चिठ्ठी मागून आरपार दिसते. खोलीत ही चूक लक्षातच येत नाही, पटांगणावर पहिल्या मिनिटाला येते. रंगीत छपाईची गरज नाही. वावराच्या चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्या भागात नांगराच्या तासांसारख्या आडव्या जाड रेघा, जंगलाच्या चिठ्ठीचा वरचा अर्धा भाग भरीव काळा. खालच्या अर्ध्या भागात भूमिकेचं मोठं चित्र आणि एक शब्द. म्हणजे फक्त गट दाखवायचा असेल तेव्हा खालचा भाग तळव्यानं झाकता येतो, संध्याकाळच्या अंधुक उजेडातही फरक कळतो, आणि वाचता न येणाऱ्या किंवा चष्मा घरी ठेवून आलेल्या माणसालाही खेळता येतं. पाठ सगळ्यांची एकसारखी, गडद नक्षीची. सगळी पानं एकाच दिवशी एकाच यंत्रावर छापून घ्या. वेगळ्या दिवशी छापलेल्या पानाच्या पाठीची छटा वेगळी येते आणि हुशार पोट्टे दुसऱ्या डावातच ती ओळखतात.

लॅमिनेशन करायचं तर कापताना चिठ्ठीच्या कडेपासून 2-3 मिलिमीटर प्लॅस्टिक सोडा. अगदी कडेला कापलं तर घामानं आणि धुळीनं थर सुटतात. कोपरा दुमडलेली रोह्याची चिठ्ठी म्हणजे डाव संपल्यातच जमा, म्हणून रोही आणि हरभरा यांच्या तीन-तीन जादा प्रती छापा आणि दुमडलेली लगेच बदला.

जागा. मूळ नियमाला दोन खोल्या हव्यात, कारण पलीकडचं दिसू किंवा ऐकू यायला नको. गावात दोन रिकाम्या खोल्या मिळाल्या तरी वीस माणसं त्यात घुसवण्यात अर्थ नाही, गंमत उघड्यावरच आहे. दोन गोल आखायचे, फक्कीनं, प्रत्येकी 6-7 मीटर व्यासाचे. मधे 30 मीटर अंतर आणि काहीतरी आड हवंच: शाळेची इमारत, स्टेज, उभी ट्रॉली. नुसतं अंतर पुरत नाही. माणूस ऐकू न येताही हातवारे करून सांगतो, आणि पोरं तर शिट्टीनंही खुणा करतात. 5 मीटरपेक्षा लहान गोल केला तर दोघांना बाजूला होऊन चिठ्ठी दाखवायला जागा उरत नाही. 10 मीटरचा केला तर चार-पाच जण कडेला मोबाइल काढून उभे राहतात. वाऱ्याच्या दिवशी फक्की तासाभरात पुसते, दोन पोती वाळू किंवा विटांचे तुकडे कडेनं ठेवले की निभतं.

वेळ राखायला मोबाइलचा गजर निरुपयोगी आहे, 30 मीटरवर ऐकू जात नाही. भोंग्याला परवानगी लागते आणि गावभर गोंगाट होतो. शाळेची थाळी मागून घ्या आणि दोन्ही गोलांना दिसेल अशा जागी एक माणूस उभा करा. फेरी सुरू एक टोला, शेवटची 30 सेकंदं दोन टोले, फेरी बंद म्हणजे टोल्यांचा सपाटा. 18-20 जणांसाठी तीन फेऱ्यांचा डाव घ्या: 3 मिनिटं, 2 मिनिटं, 1 मिनिट. पहिल्या फेरीनंतर प्रत्येक बाजूनं 2 पाहुणे पाठवायचे, पुढच्या दोन्ही फेऱ्यांनंतर 1-1. पाच फेऱ्यांचा, 5-4-3-2-1 मिनिटांचा डाव पेटीत आहे आणि तो जास्त चढत्या रंगाचा आहे, पण तो तिसऱ्या-चौथ्या डावानंतरच. नवख्या माणसाला पहिली 5 मिनिटं संपता संपत नाहीत.

रोही आणि हरभरा मुद्दाम वेगवेगळ्या गोलांत टाकायची गरज नसते. 20 जणांत चिठ्ठ्या नीट पिसून दिल्या तर रोही आणि हरभरा सुरुवातीलाच एका गोलात असण्याची शक्यता 19 पैकी 9 असते. म्हणजे जवळपास निम्मी-निम्मी, आणि तिथून पुढे जे होतं ते बोलण्यानंच होतं. चिठ्ठ्या पिसण्याआधी आणि गोळा केल्यावर मोजा, दोन्ही वेळा. 20 वाटल्या आणि 19 आल्या, आणि हरवलेली रोह्याची निघाली, तर पुढचा डाव सगळ्यांच्या मेहनतीसकट वाया जातो. असं व्हायला चिठ्ठी खिशात राहणं एवढंच कारण पुरतं.

खेळ चालू झाल्यावर काय बिघडतं? पहिलं, कारभारी. नियम असा की गोलातल्या बहुमतानं कारभारी केव्हाही बदलता येतो. गावात सरपंचाचा पोरगा, गुरुजी किंवा वयानं मोठा माणूस आपोआप कारभारी होतो आणि त्याला हटवायला कुणी हात वर करत नाही. मग बाकीचे दहा जण नुसते उभे. उपाय साधा आहे: पहिल्या फेरीचा कारभारी नावांच्या वेगळ्या चिठ्ठ्या टाकून काढा, आणि हटवताना “ह्याला काढा” असं न म्हणता नव्याचं नाव घ्यायचं, एवढाच नियम करा. “आता हिला करू” म्हणणं कुणाला जड जात नाही.

दुसरं, बघे. पटांगणावर बघे येणारच आणि ते यावेतच, पण पाठीमागून चिठ्ठी बघून “अरे तो रोही हाये ना बे!” असं ओरडणारा एक तरी असतो. चिठ्ठी छातीशी धरायची सवय पहिल्याच मिनिटात लावा. गोलाभोवती 3 मीटरवर सुतळीची दुसरी कड घाला. आणि बघ्यांना काम द्या: एक थाळीपाशी, दोघं पाहुण्यांना मधून नेणारे, एक वहीत टिपणारा. जो काम करतो तो पुढच्या डावात पहिला, हे जाहीर केलं की ओरडणं थांबतं.

तिसरं नाजूक आहे. मूळ खेळात दोघांनी कोपऱ्यात जाऊन कुजबुजणं अपेक्षित आहे. गावात चारचौघांत पोरगा-पोरगी, सून आणि सासरे कानात बोलताना दिसले तर खेळ कुणी बघत नाही, ते दोघंच बघितले जातात. बचत गटाच्या बायका सोबत असल्या तर हा विचार आधीच करा. दाखवादाखवी गोलाच्या आत, समोरासमोर, एक हात अंतर ठेवून आणि न बोलता करायची. “दाखवता का?” “दाखवतो.” तीन मोजून दोघांनी चिठ्ठी फिरवायची. यात खेळाचं काहीच कमी होत नाही, उलट कोण कुणाला दाखवतंय ते सगळ्यांना दिसतं आणि संशयाला खाद्य मिळतं. एकानं दाखवून दुसऱ्यानं हात मागे घेतला तर ती लबाडी नियमात बसत नाही. दाखवणं एकाच वेळी होतं, म्हणून मोजणं महत्त्वाचं.

आता चाचणी, म्हणजे गावापुढे मांडण्याआधी खेळ घेऊन बघणं. पहिला डाव 6 ते 8 जणांचा, आडोशाला, फक्त रोही आणि हरभरा, बाकी सगळ्या साध्या चिठ्ठ्या. दुसरा 12 जणांचा. तिसरा खऱ्या जागी, खऱ्या वेळी, बघ्यांसकट. एका डावानंतर एकच गोष्ट बदलायची. गोल लहान केला, वेळ वाढवला आणि नावंही बदलली, मग डाव रंगला तरी कशामुळे रंगला ते कळत नाही. प्रत्येक गोलाशी एक टिपणारा बसवा आणि त्यानं चार गोष्टी लिहाव्यात: नियम सांगायला किती मिनिटं लागली (3 च्या वर गेली तर वाक्यं कापा), चालू डावात कुणी काय विचारलं, कारभारी किती वेळा बदलला, आणि शेवटच्या फेरीत किती जण गप्प उभे होते. चालू डावातले प्रश्न सगळ्यात मोलाचे. एकच प्रश्न तीन जणांनी विचारला तर सांगण्यातच खोट आहे, खेळाडूत नाही.

डाव झाल्यावर “मजा आली का?” असं विचारू नका. सगळे “हो, लय भारी” म्हणतील, आपल्याकडं पाहुण्याला वाईट कुणी म्हणत नाही. त्यापेक्षा विचारा: शेवटच्या फेरीत रोही कुणाकडे आहे असं वाटत होतं? पाहुणा म्हणून कुणाला पाठवायचं हे कशावरून ठरवलं? उत्तर “असंच” आलं तर माहिती पुरेशी फिरलेली नाही, पहिली फेरी मिनिटभर वाढवा. कुठला गट किती वेळा जिंकला तेही लिहा, पण घाईनं निष्कर्ष काढू नका. अगदी बरोबरीच्या खेळातही 10 डावांत 7-3 किंवा त्याहून एकतर्फी निकाल नुसत्या नशिबानं साधारण तीनातून एकदा लागतो.

पेटीतल्या डझनावारी भूमिकांपैकी गावात तीनच पुरतात. खेळाडू विषम संख्येत असले तर कुठल्याच गटाचा नसलेला एक लागतो. मूळ पेटीत तो जुगारी आहे आणि शेवटी चिठ्ठ्या उघडण्याआधी कोण जिंकलं ते अचूक सांगितलं तर तो जिंकतो. त्याचं नाव ‘धुरेकरी’ ठेवा: वावराचाही नाही, जंगलाचाही नाही, धुऱ्यावरून दोन्हीकडे बघणारा. दुसरी जोडी डॉक्टर आणि इंजिनीअरची. डॉक्टरनं डाव संपायच्या आत राष्ट्राध्यक्षाशी अख्खा पत्ता दाखवून घ्यावा लागतो, इंजिनीअरनं बॉम्बशी. नाही भेटले तर त्यांच्या गटाचं काम फसतं. आपल्याकडे डॉक्टर ‘जागल्या’ झाला आणि इंजिनीअर रोह्याला वाट दाखवणारा ‘वाटाड्या’ झाला की जोडी अंगात बसते. ही जोडी आली की खेळ खरा पेटतो, कारण नुसतं लपून राहणाऱ्या रोह्याला आणि हरभऱ्याला आता कुणाला तरी भेटावंच लागतं. पण पहिल्या डावात ती घेतली तर सांगण्यातच सात-आठ मिनिटं जातात आणि लहान पोरं पांगतात. तिसऱ्या डावापासून घ्या.

परवानगीचं थोडक्यात: शाळेच्या पटांगणासाठी मुख्याध्यापक, गावठाणातल्या जागेसाठी ग्रामपंचायत, आणि पोलीस पाटलांच्या कानावर दोन दिवस आधी. एसटी स्टँडच्या आवारात धावपळीचा काहीही खेळ घेऊ नये. बाजाराच्या दिवशी दुकानं लागतात त्या पट्ट्यात फक्की मारू नये, कडेला जागा शोधावी. हंगाम हिवाळ्याचा, वेळ दुपारी चार ते साडेपाच. एप्रिल-मेमध्ये दुपारचा विचारच नको. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी माणसं मिळत नाहीत, तेव्हा शाळेच्या वर्गांवर भागवा. कोजागिरीच्या चांदण्यात खेळावं असं कुणाच्याही मनात येतं, पण त्या उजेडात चिठ्ठी वाचता येत नाही आणि बॅटरी लावली की शेजारच्यालाही दिसते.

शेवटचा टोला पडला की लोक पहिली चूक करतात ती धावण्याची. “कोण होता रे रोही?” म्हणत दोन्ही गोल एकमेकांत मिसळतात, आणि कोण कुठल्या बाजूला उभं होतं याचा पुरावाच उरत नाही. म्हणून टोल्यानंतर फक्की कुणी ओलांडायची नाही. आधी धुरेकऱ्याचा अंदाज मागायचा, मग जागल्या आणि वाटाड्या भेटले की नाही ते विचारायचं, आणि सगळ्यात शेवटी हरभऱ्यानं एकट्यानं आपल्या गोलात हात वर करायचा. पटांगण गप्प होतं. मग थाळीवाल्यानं एक टोला द्यायचा आणि रोह्यानं, जिथे असेल तिथून, चिठ्ठी डोक्यावर धरायची.